खोकं उघडा, गाडी चालवा

आगगाडीचं जे मॉडेल कधीच रुळांवर उतरलं नाही, त्याला मी मॉडेल म्हणायला तयार नाही. तो पितळेत गुंतवलेला पैसा आहे. पैसा गुंतवण्यात वाईट काही नाही. कुणी सोन्यात गुंतवतं, कुणी फ्लॅटमध्ये, कुणी वीतभर लांबीच्या इंजिनात. पण मग त्याला छंद म्हणू नका. 'आम्ही वारसा जपतो' असं तर अजिबात म्हणू नका. आणि नव्यानं डोकावणाऱ्या पोरापोरींना 'हा खर्चिक नाद आहे, तुम्हांला झेपायचा नाही' असं सांगून दारातून परत पाठवू नका.

हे भांडण अमेरिकन नॅरोगेज रेल्वेच्या मॉडेलांबद्दल आहे. विषय वाचून हसू आलं असेल. जगात एवढे प्रश्न पडलेले असताना कोलोरॅडोतल्या खेळण्यातल्या गाड्यांवरून भांडायचं? हो, भांडायचं. वापरण्यासाठी बनलेली वस्तू न वापरता 'मिंट कंडिशन'मध्ये ठेवायची, हा रोग आता सगळीकडे आहे. कॅमेरे, गिटारी, स्नीकर्स, व्हिनाइलच्या तबकड्या, काहीही घ्या. पण नॅरोगेजमध्ये तो जितका हास्यास्पद दिसतो तितका कुठेच दिसत नाही. का, ते कळायला आधी ही रेल्वे काय होती ते बघायला हवं.

गरिबाची रेल्वे

दोन रुळांमधलं अंतर म्हणजे गेज. अमेरिकेत ते सर्वसाधारणपणे चार फूट साडेआठ इंच असतं. १८७० साली विल्यम जॅक्सन पामर या माणसानं डेन्व्हर अँड रिओ ग्रँड रेल्वे काढली आणि तिच्यासाठी तीन फुटांचं गेज निवडलं. त्यात रम्य वगैरे काही नव्हतं. रूळ जवळ आले की डोंगर कमी फोडावा लागतो, वळणं जास्त घट्ट घेता येतात, पूल हलके चालतात, इंजिनं आणि डबे लहान असतात. थोडक्यात, सगळं स्वस्तात होतं. खिशात पैसे कमी आणि समोर रॉकी पर्वत, अशा माणसाचा तो हिशोब होता. १८८२ मध्ये ही लाइन ड्युरँगोहून सिल्व्हर्टनच्या खाणींपर्यंत पोचली. आज त्याच मार्गावर पर्यटकांसाठी वाफेची गाडी धावते. तुमचं कुणी अमेरिकेत असेल, तर त्या गाडीचा दरीच्या कडेवरचा फोटो कदाचित तुमच्या फॅमिली ग्रुपवरही येऊन गेला असेल.

पण खरी गंमत तिच्या शेजारणीची आहे. रिओ ग्रँड सदर्न नावाची १६२ मैलांची लाइन ऑटो मिअर्स यानं १८९०-९१ मध्ये बांधली. तिचं सगळं गणित चांदीवर होतं. १८९३ मध्ये अमेरिकन सरकारनं चांदी खरेदी करण्याचा कायदा रद्द केला, भाव कोसळले, खाणी बंद पडल्या आणि दोन वर्षांची ही रेल्वे त्याच वर्षी दिवाळखोरीत गेली. तरीही ती पुढे जवळपास साठ वर्षं चालली.

कशी चालली? जुगाडावर. १९३१ साली तिच्या कारखान्यातल्या मिस्त्र्यांनी ब्युइक मोटारीचं धूड घेतलं, त्याला रेल्वेची चाकं लावली, मागे सामानाचा डबा जोडला आणि ते रुळांवर सोडलं. टपाल, चार उतारू आणि थोडा माल न्यायला एवढं पुरे होतं. त्यासाठी कोळसा खाणारं इंजिन आणि अख्खा कर्मचारी ताफा पाठवायची गरज उरली नाही. कच्च्या रुळांवर ते यान असं काही डुलत जायचं की लोकांनी त्याचं नाव ठेवलं 'गॅलपिंग गूस', दौडणारं हंस-बदक. अशी सात 'बदकं' या कंपनीनं बनवली. पुढे कुठे पिअर्स-ॲरो गाडीचं धूड वापरलं, कुठे मोडक्या भागाचा जीव दुसऱ्यात घातला. त्या सातांपैकी सहा आजही शिल्लक आहेत.

अमेरिकन नॅरोगेजचा स्वभाव हा असा आहे. हाताशी असेल ते घ्या, जोडा, चालवा. मोडलं तर पुन्हा जोडा. या रेल्वेचं मॉडेल हातमोजे घालून खोक्यातून काढायचं, दिव्याखाली फिरवून बघायचं आणि पुन्हा खोक्यात ठेवायचं, यातला विनोद ज्याला दिसत नाही त्याला ही रेल्वेच कळलेली नाही.

पितळेचा दरबार

संग्राहकांच्या जगात सर्वांत वरचा मान पितळी इंजिनांना आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानमधल्या छोट्या कारखान्यांत ही इंजिनं बनू लागली. पितळी पत्रे कापायचे, बारीक ओतीव भाग जोडायचे, हातानं सोल्डरिंग करायचं. अमेरिकन कंपन्या थोड्या थोड्या संख्येनं ती मागवत. पुढे हे काम बरंचसं कोरियात गेलं. त्या कारागिरांबद्दल माझ्या मनात नितांत आदर आहे. त्यांनी कधीही न पाहिलेल्या डोंगरातल्या रेल्वेचं इंजिन नकाशावरून वाचलं आणि पाइपांसकट उभं केलं. माझं भांडण त्या कामाचं नंतर काय झालं याच्याशी आहे.

यांतली पुष्कळ इंजिनं रंग न देता यायची. अपेक्षा अशी की घेणारा ती रंगवेल आणि चालवेल. पण हळूहळू बाजारात उलटा नियम बसला. रंग न दिलेलं, न चालवलेलं, मूळ खोक्यातलं इंजिन सर्वांत मौल्यवान. आता विचार करा. कोलोरॅडोच्या रुळांवर पिवळंधमक पितळी इंजिन कधीही धावलेलं नाही. तिथली इंजिनं काळी होती, काजळीनं माखलेली, बॉयलरच्या पाण्यातल्या क्षारांचे पांढरे ओघळ अंगावर घेतलेली. एखाद्यानं मेहनतीनं ते काळं केलं, काजळी आणली, ओघळ काढले, म्हणजे ते खऱ्याच्या जवळ नेलं, की बाजार म्हणतो, किंमत उतरली. मॉडेल जितकं खरं, तितकं स्वस्त, असा नियम ज्या बाजारात चालतो, तो कोणता वारसा जपतोय?

बरं, जपलं तरी जातं का? या खोक्यांत इंजिनाभोवती फोम असायचा. दशकं उलटली की तो फोम विरघळतो, चिकट होतो आणि नेमका ज्याला सांभाळायला ठेवला त्यालाच जाऊन चिकटतो. गिअरमधलं ग्रीस मेणासारखं घट्ट होतं. मोटर आणि गिअर जोडणारी बारकी नळी कडक होऊन तडकते. रोज चालणाऱ्या इंजिनाला कुणी तेल घालतं, पुसतं, त्याची कुरकुर ऐकतं. खोक्यातलं इंजिन एकटंच म्हातारं होतं.

आणि मालकही म्हातारा होतो. या छंदातल्या जुन्या पिढीची आता सत्तरी-ऐंशी आली. माणूस गेला की घरच्यांच्या हाती खोक्यांची भिंत येते. त्यांना ना नावं माहीत, ना कामं. मग सगळं घाऊक लिलावात जातं आणि दुसऱ्या एखाद्या भिंतीवर जाऊन बसतं. खोकी फिरत राहतात. रूळ कसा ठोकायचा, सांधा कसा घडवायचा, प्लॅस्टरचा खडक ओला असताना कसा कोरायचा, हे मात्र त्या माणसाबरोबर गेलेलं असतं.

याच्या उलट एक उदाहरण बघा. जॉन ॲलन हा कॅलिफोर्नियातल्या माँटेरीचा मॉडेल बनवणारा. 'गोर अँड डेफेटिड' नावाची काल्पनिक डोंगरी रेल्वे त्यानं आपल्या तळघरात वर्षानुवर्षं बांधली. जानेवारी १९७३ मध्ये तो वारला आणि दहाच दिवसांनी घराला आग लागून जवळपास सगळा लेआउट जळाला. वस्तू हाच वारसा असता, तर ॲलनचं काही उरायला नको होतं. पण त्यानं लिहिलं होतं, फोटो काढून छापले होते, लोकांना घरी बोलावून गाड्या चालवायला लावल्या होत्या. नव्याकोऱ्या मॉडेलवर मळ आणि गंज चढवायचा, जमिनीपासून छतापर्यंत डोंगर उभा करायचा, गाड्या नुसत्या गोल न फिरवता खऱ्या रेल्वेसारखं वाहतुकीचं काम करायचं, या गोष्टी रुळवणाऱ्यांत तो अग्रभागी होता. त्याची राख झालेली रेल्वे आजही हजारो घरांत चालू आहे. खोक्यात सुरक्षित असलेलं इंजिन कुठेच चालू नाही.

बांधणाऱ्याला प्रश्न पडतात

बांधण्याचा मला सर्वांत मोठा वाटणारा फायदा हाताच्या कौशल्याचा नाही. बांधताना प्रश्न पडतात, हा आहे. विकत घेणाऱ्याला एकच प्रश्न पडतो, केवढ्याला?

समजा, तुम्ही ठरवलंत की रिओ ग्रँड सदर्नवरचं टेल्युराइड गाव करायचं, साल १९०४. लगेच प्रश्न सुरू होतात. स्टेशन कुठे होतं? खनिज दळणारी गिरणी कुठे? खाण तर वर कड्यावर, मग माल खाली कसा यायचा? तारेवरच्या पाळण्यांतून. खाणीजवळ ही लांबलचक इमारत कसली? कामगारांच्या राहण्याची. कोण होते ते? फिनलंड, इटली, कॉर्नवॉल कुठून कुठून आलेले लोक. मग तुम्ही वाचत जाता आणि कळतं की सप्टेंबर १९०३ मध्ये इथल्या गिरणीकामगारांनी आठ तासांच्या दिवसासाठी संप केला होता. सरकारनं सैन्य आणलं. मार्च १९०४ मध्ये मालकांच्या बाजूच्या सशस्त्र नागरिकांनी रात्री घराघरांतून संघटनेच्या माणसांना बाहेर काढलं, आगगाडीत कोंबलं आणि गावाबाहेर हाकलून दिलं. याच रेल्वेवरून.

आता तुमच्या हातातला तो छोटासा उतारूंचा डबा आधीसारखा राहत नाही. ज्या डब्यातून सहलीचे लोक यायचे, त्याच रुळांवरून हद्दपार कामगार गेले. आणखी मागे गेलात तर कळतं की हे सान हुआन डोंगर १८७३ च्या करारानं यूट लोकांकडून काढून घेतले गेले, म्हणून खाणी आल्या, आणि खाणी आल्या म्हणून रेल्वे आली. हे सगळं लेआउटवर दाखवायचं की नाही, कसं दाखवायचं, हे तुम्ही ठरवा. पण बांधणाऱ्याला ते ठरवावं लागतं. संग्राहकाला ही अडचण कधीच येत नाही, कारण त्याच्या इंजिनाखाली जमीनच नसते.

इथे बांधणाऱ्यांनाही दोन शब्द सुनावले पाहिजेत. शंभरातले नव्वद अमेरिकन नॅरोगेज लेआउट बघा. दारूचा गुत्ता, त्याच्यासमोर पेंगणारा म्हातारा, एक कुत्रा, वाकलेलं छप्पर. पत्र्यावरचा गंज आम्ही तीन छटांमध्ये रंगवतो आणि तो पत्रा ठोकणारा माणूस विसरतो. पडकं घर म्हणजे आम्हांला सौंदर्य वाटतं; ते पडकं का झालं, १८९३ मध्ये तिथून कोण आणि कुठे निघून गेलं, हे विचारायचं राहून जातं. बांधणाऱ्यानं निदान हा दोष सुधारता येतो. एक झाड काढून त्या जागी एक माणूस ठेवता येतो. सीलबंद खोक्यात काहीच बदलता येत नाही.

'पण...' म्हणणाऱ्यांसाठी

पहिला 'पण' असा की संग्राहक नसते तर जुन्या गोष्टी भंगारात गेल्या असत्या. यात तथ्य आहे, आणि त्याचं सर्वांत मोठं उदाहरण मॉडेलचं नसून खऱ्या रेल्वेचं आहे. पेन्सिल्व्हेनियातली ईस्ट ब्रॉड टॉप ही कोळशाची तीन फुटी रेल्वे १९५६ मध्ये बंद पडली आणि निक कोव्हालचिक या भंगारवाल्यानं ती विकत घेतली. त्याचा धंदाच तोडून विकण्याचा. त्यानं ती तोडली नाही. इंजिनं, डबे, पट्ट्यांवर चालणारा कारखाना, सगळं जागेवर राहिलं. पण पुढचं ऐका. १९६० मध्ये त्यानं तिच्या काही भागावर गाड्या पुन्हा सुरू केल्या. मध्ये बरीच वर्षं ती बंदही होती. २०२० मध्ये एका प्रतिष्ठाननं ती घेतली, आणि २०२३ मध्ये तिथलं १६ नंबरचं इंजिन १९५६ नंतर पहिल्यांदा वाफेवर चाललं. जपणं म्हणतात ते याला. पुढच्याला चालवता येईल अशा अवस्थेत वस्तू ठेवायची आणि वेळ आली की त्याच्या हातात द्यायची. अशा संग्राहकाला माझा नमस्कार. खोकं उघडू न देणाऱ्याला नाही.

दुसरा 'पण', सगळ्यांना हाताचं काम जमत नाही, वेळ नसतो. मान्य. तयार इंजिन विकत घ्या की! मीही घेतो. तयार रूळ घ्या, तयार झाडं घ्या. माझा आग्रह एवढाच की ते चालवा, मळवा, कुणा पोराच्या हाती कंट्रोलर द्या. पुण्यात कोथरूडला जोशींचं लघुरेल्वे संग्रहालय आहे. तिथे लोक आपली मुलं घेऊन जातात ते गाड्या धावतात म्हणून. त्याच गाड्या काचेमागे नुसत्या मांडून ठेवल्या असत्या, तर पाचव्या मिनिटाला पोरांनी घरी चलायचा हट्ट धरला असता.

तिसरा 'पण', आमचा पैसा, आमची मर्जी. अगदी बरोबर. या वाक्याला माझ्याकडे उत्तर नाही आणि ते द्यायचंही नाही. मर्जीनं केलेल्या गोष्टीला मोठी नावं देऊ नयेत, इतकंच म्हणणं आहे.

तीस इंचांची गोष्ट

आता सर्वांत मोठं खोटं: हा श्रीमंतांचा नाद आहे. हे खोटं खोडायला थोडं गणित लागेल.

मॉडेलच्या जगात सर्वांत सहज मिळणारा रूळ 'एचओ'चा, म्हणजे १:८७ प्रमाणाचा. त्याचं गेज साडेसोळा मिलिमीटर. त्याच रुळावर तुम्ही १:४८ प्रमाणाचे, म्हणजे जवळपास दुप्पट मोठे डबे ठेवले तर? साडेसोळा गुणिले ४८ म्हणजे ७९२ मिलिमीटर. अडीच फूट म्हणजे ७६२. फरक तीन सेंटिमीटरचा. म्हणजे स्वस्तातला रूळ आणि स्वस्तातल्या एचओ इंजिनाची चाकं घेऊन वर नॅरोगेजचं धूड चढवता येतं. याला 'ओएन३०' म्हणतात. याचीच धाकटी बहीण 'एचओएन३०'. तिच्यात नऊ मिलिमीटरचा एन-गेज रूळ १:८७ मध्ये वापरतात. डेव्ह फ्रॅरी आणि बॉब हेडन या जोडीनं १९७० च्या दशकात याच मार्गानं मेन राज्यातल्या दोन फुटी रेल्वेंच्या धर्तीवर आपली 'कॅराबॅसेट अँड डेड रिव्हर' बांधली आणि कसं बांधलं ते सगळ्यांना लिहून सांगितलं. पुढे १९९० च्या दशकाच्या अखेरीस बाकमन कंपनीनं ओएन३० मध्ये तयार गाड्या आणल्या, त्याही ख्रिसमसच्या शोभेच्या गावाभोवती फिरवायला म्हणून. मॉडेलवाल्यांनी त्या उचलल्या, कापल्या, रंगवल्या आणि कामाला लावल्या. बदकं बनवणाऱ्या मिस्त्र्यांचीच ही परंपरा.

शुद्धतावाद्यांनी नाकं मुरडली. त्यांचा आक्षेप खरा आहे. अमेरिकेत नॅरोगेज म्हणजे मुख्यतः तीन फूट, आणि मेनमध्ये दोन फूट. अडीच फुटी लाइनी अगदी थोड्या. म्हणजे ओएन३० ही तडजोड आहे. असेना! तडजोड हाच तर त्या रेल्वेचा धर्म होता.

आणि इथे मराठी वाचकानं जरा सावरून बसावं. अडीच फूट, म्हणजे तीस इंच, हे अमेरिकेत दुर्मीळ गेज आपल्याकडे अगदी घरचं होतं. एव्हरार्ड कॅलथ्रॉप यानं १८९७ मध्ये सुरू केलेली बार्शी लाइट रेल्वे अडीच फुटी होती. पंढरपूरला वारकऱ्यांना नेणारी हीच. विदर्भातला कापूस वाहणारी यवतमाळ-मूर्तिजापूर शकुंतलाही अडीच फुटी. जो रूळ अमेरिकन लोक 'जवळजवळ बरोबर' म्हणून चालवून घेतात, तो बार्शीसाठी नेमका आहे. त्या बाजूनं कुणी तयार इंजिन विकत नाही, म्हणून गोळा करण्याचा मोहही नाही. बांधावंच लागेल.

सुरुवात कोलोरॅडोपासून करा किंवा बार्शीपासून. कार्ल आरेंट या माणसानं चार चौरस फुटांच्या आतल्या 'मायक्रो लेआउट'चा प्रसार केला. एवढी जागा वन-रूम-किचनमध्येही निघते. एक फळी, एक वळण, एक सांधा, एक फलाट. आइसक्रीमच्या काड्यांचे स्लीपर आणि भिंती. थर्माकोलवर प्लॅस्टरचा खडक. लाकूड जुनं दिसावं म्हणून अल्कोहोलमध्ये चार थेंब काळी शाई. इंजिनाला मात्र पैसे पडतील, तेव्हा जुनं घ्या, खरचटलेलं घ्या, ज्याची 'किंमत उतरली' आहे ते घ्या. बाजाराच्या मूर्खपणाचा निदान एक फायदा तरी करून घ्या.

आणि तुमच्या ओळखीत कुणाकडे ती खोक्यांची भिंत असेल, तर त्यांच्याकडे जा. त्यांच्याशी वाद घालू नका, तो मी इथे घातलाय. एवढंच म्हणा, 'काका, हे चालतं का हो? बघूया?' बहुतेकांना वर्षानुवर्षं हा प्रश्न कुणी विचारलेलाच नसतो. ते ग्रीस साफ करतील, तार जोडतील, दोनदा शिव्या घालतील. मग ते इंजिन एक झटका देईल आणि निघेल. त्याचा भाव त्याच क्षणी पडेल. पडू दे.